थेट महापौर निवडला की शहर सुधारतं का? आधी कमिशनरची बदली कोण करतो ते बघा

प्रश्न ऐरोलीच्या एका तरुणाचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की लंडन, न्यूयॉर्कचा महापौर जगाला माहीत असतो, शहर तोच चालवतो, आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईचा महापौर मात्र फीत कापतो, सभा चालवतो आणि अडीच वर्षांनी घरी जातो. मग थेट जनतेतून महापौर निवडला तर आपली शहरं सुधारतील का, बाकीच्या देशांनी हे कसं जमवलं, आणि त्यातलं आपण काय उचलावं?

माझी ३१ वर्षं महापालिका सेवेत गेली, ठाणे जिल्ह्यातल्या दोन महापालिकांमध्ये, आधी लेखा, मग नगरसचिव विभाग, शेवटी उपायुक्त. आता नेरूळला राहतो आणि सकाळी फिरायला गेलं की लोक गटाराच्या तक्रारी मलाच सांगतात, जसं काही मी अजून सही करतोय. तर उत्तर आधीच देऊन टाकतो. थेट महापौर निवडून फार काही बिघडणार नाही, पण तेवढ्याने सुधारणारही नाही, कारण खुर्चीवर कोण बसतो यापेक्षा त्या खुर्चीखाली काय काय जोडलंय ते महत्त्वाचं. म्हणजे शहराचा सगळ्यात मोठा अधिकारी कोण नेमतो, सभेने केलेला ठराव कोण रद्द करू शकतो आणि पैसा कुणाच्या खिशातून येतो. जिथे ही गाठ सोडवली तिथे महापौर कसाही निवडला तरी शहर चाललं, आणि जिथे नाही सोडवली तिथे थेट निवडूनही लोक पाच-दहा वर्षांत कंटाळले.

आपल्याकडची रचना आधी नीट समजून घ्या, कारण बरेच जण कमिशनर, म्हणजे आयुक्त, हा महापौरांचा हाताखालचा माणूस समजतात. तसं अजिबात नाहीये. आपल्या महापालिकांचा कायदा १९४९ चा, त्यात महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त अशी वेगवेगळी प्राधिकरणं आहेत आणि अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. हे मूळ मुंबईचं. १८६५ मध्ये मुंबईला आर्थर क्रॉफर्ड पहिला म्युनिसिपल कमिशनर म्हणून आला, त्याने कामं धडाक्यात केली आणि खर्चही धडाक्यात केला, त्यावरून शहरात बोंब झाली आणि १८७२ च्या कायद्याने करदात्यांनी निवडून दिलेले सभासद आले. गंमत म्हणजे फिरोजशहा मेहतांसारख्यांचंही मत होतं की कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा आणि निवडून आलेल्या सभेने त्याच्यावर लगाम ठेवावा. १८८८ च्या मुंबईच्या कायद्यात हीच रचना पक्की झाली आणि तीच पुढे आपल्याकडे उतरली. कल्पना वाईट नव्हती हो. घोडा आणि लगाम दोन्ही होते, फक्त लगामाचं दुसरं टोक मंत्रालयात राहिलं.

आता याच्या शेजारी अमेरिकेतलं डेटन शहर ठेवून बघा. ओहायो राज्यातलं हे शहर १९१३ च्या मार्चमध्ये महापुरात बुडालं, जुनी राजकीय व्यवस्था कोलमडलेली लोकांना दिसली, आणि पुढच्या वर्षी शहराने चक्क एक मॅनेजर पगारावर ठेवला. निवडून आलेली छोटी परिषद धोरण आणि बजेट ठरवणार, मॅनेजर कारभार करणार, महापौर सभा चालवणार. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत हा पहिलाच प्रयोग. आज तिथली बरीच मध्यम आकाराची शहरं अशीच चालतात, न्यूयॉर्कसारखा दांडगा महापौर सगळीकडे नसतो, तो आपल्याला सिनेमात दिसतो म्हणून वाटतं. कागदावर डेटन आणि ठाणे जुळी भावंडं वाटतील. सभा, अधिकारी, मानाचा महापौर, सगळं तेच. फरक एकच. डेटनचा मॅनेजर परिषदेने नेमलेला असतो आणि परिषदेला पटलं नाही तर परिषदच त्याला घरी पाठवते. आपला कमिशनर सरकार पाठवतं, बदली सरकार करतं, त्याचा गोपनीय अहवाल सरकारात लिहिला जातो. मग तो सोमवारी सकाळी कुणाचा फोन आधी उचलेल, तुम्हीच सांगा. यात त्या माणसाचा दोष नाही, मी फार चांगले कमिशनर बघितलेत, मध्यरात्री पंपिंग स्टेशनवर गुडघाभर पाण्यात उभे राहणारे. पण त्याचं प्रगतिपुस्तक ज्याच्या हातात, त्याचंच तो ऐकणार.

कायद्यात एक दार ठेवलंय. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांशांनी ठराव केला तर सरकारने आयुक्त परत बोलवायचा. नवी मुंबईकरांना आठवत असेल, ऑक्टोबर २०१६ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना हे दार ठोठावून झालं, शंभराच्या वर नगरसेवक विरोधात आणि मूठभर बाजूने. आकडा पाच अष्टमांशांच्या कितीतरी पुढे. तरी ते लगेच हलले नाहीत, त्यांची बदली पुण्याला पीएमपीएमएलला, म्हणजे तिथल्या बससेवेला, झाली ती मार्च २०१७ मध्ये. त्या वेळी कोण बरोबर, कोण चूक यावर वाशीच्या नाक्यानाक्यावर वाद झाले आणि ‘वॉक विथ कमिशनर’ या आयुक्तांबरोबर चालत बोलायच्या उपक्रमाला जाणारे कितीतरी नागरिक आयुक्तांच्या बाजूचे होते हेही खरं. मला त्या वादात पडायचं नाही. मुद्दा एवढाच की शहराने निवडलेल्या सभेला शहराचा मुख्य अधिकारी ठेवायचा की नाही हे ठरवता येत नाही, कागदावर येत असलं तरी.

दुसरी गाठ ठरावाची. कलम ४५१ हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, आत काम केलेल्याला झोपेतही पाठ असतं. महासभेचा ठराव सरकारला कायद्याविरुद्ध किंवा जनहिताविरुद्ध वाटला की सरकार आधी तो निलंबित करतं, महापालिकेकडून अभिवेदन, म्हणजे तिची बाजू, मागवतं, आणि मग विखंडित, म्हणजे रद्द करतं. मी नगरसचिव विभागात असताना एका महापालिकेत बाजाराच्या जागेबद्दल असा एक ठराव झाला, सगळ्या पक्षांनी एकमताने केलेला, टाळ्या वाजवून. काही महिन्यांनी निलंबनाचं पत्र, मग आम्ही अभिवेदन पाठवलं, मग शांतता. दीड वर्षाने फाईल विचारायला गेलो तर टेबलवरचा माणूसच बदललेला. तोपर्यंत त्या जागेवर काय काय उभं राहिलं ते सांगत नाही. ठराव चूक होता असंही असू शकेल, मी म्हणत नाही की महासभा देव असते, टक्केवारी आणि ‘आयत्या वेळचे विषय’ मीही बघितलेत. पण ठराव बेकायदा आहे हे ठरवणारा कोण?

फ्रान्समध्ये अगदी असंच होतं, उलट आपल्याहून जास्त. पॅरिसहून नेमलेला प्रीफे जिल्ह्यात बसायचा आणि गावच्या परिषदेच्या निर्णयांवर त्याचा हात असायचा. नेपोलियनच्या काळापासूनची पद्धत. १९८२ च्या मार्चमध्ये तिथे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या सरकारचा कायदा आला, गृहमंत्री गास्तों देफेर, स्वतः मार्सेलचा कित्येक वर्षं महापौर असलेला माणूस, त्याच्या नावाने तो ओळखला जातो. त्या दिवसापासून प्रीफेला निर्णय रद्द करता येत नाही. त्याला वाटलं बेकायदा आहे तर त्याने प्रशासकीय न्यायालयात जायचं आणि तिथे सिद्ध करायचं. एवढासा बदल वाटतो ना? पण त्याने सगळा तोल फिरला. सरकारला कारण द्यावं लागतं, तारीख लागते, निकाल लिहून येतो. आणि गंमत ऐका, फ्रान्समध्ये महापौर थेट निवडलेला नसतो! लोक नगरसेवकांच्या यादीला मत देतात आणि परिषद पहिल्या सभेत महापौर निवडते, आपल्यासारखंच. पण जिंकणाऱ्या यादीला आधीच निम्म्या जागा बोनस मिळतात, उरलेल्यात पुन्हा वाटा मिळतो, म्हणून त्याचं बहुमत पक्कं असतं आणि तो पूर्ण मुदत राज्य करतो. तिकडचा महापौर म्हणजे गावचा राजाच, आणि थेट निवडणुकीशिवाय.

थेट निवडणुकीची खरी परीक्षा इंग्लंडमध्ये झाली. २००० च्या कायद्याने शहरांना सार्वमत घेऊन थेट महापौर आणायची मुभा मिळाली. हार्टलपूल नावाचं एक बंदराचं गाव आहे, त्या गावाची जुनी दंतकथा अशी की नेपोलियनच्या लढायांच्या वेळी एक माकड किनाऱ्याला लागलं आणि गावकऱ्यांनी ते फ्रेंच गुप्तहेर समजून फासावर दिलं. त्यावरून त्यांच्या फुटबॉल क्लबचा मॅस्कॉट माकड. २००२ च्या पहिल्या महापौर निवडणुकीत त्या माकडाच्या वेषात मैदानात नाचणारा स्टुअर्ट ड्रमंड हा पोरगा गंमत म्हणून उभा राहिला, वचन काय तर शाळेतल्या मुलांना फुकट केळी. आणि निवडून आला! सगळ्या देशाने दात काढले. पण तो माणूस कामाला लागला, २००५ मध्ये परत आला, २००९ मध्ये परत आला. आणि मग २०१२ मध्ये त्याच गावाने सार्वमत घेऊन महापौरपदच बंद केलं. त्याच वर्षी मे महिन्यात दहा मोठ्या शहरांत सार्वमत झालं, हो म्हणणारं एकटं ब्रिस्टल, आणि त्यांनीही २०२२ मध्ये सार्वमत घेऊन ते पद रद्द केलं. बर्मिंगहॅम, लीड्स, शेफिल्ड, मँचेस्टर सगळे नाही म्हणाले. का? कारण लोकांना दिसलं की एका माणसाला निवडून त्याच्या हातात नवीन काहीच येत नाहीये. पैसा तोच, अधिकार तेच, फक्त फोटो मोठा.

हे आपल्याकडेही झालंय, महाराष्ट्रातच. २०१६ मध्ये नगरपालिकांचे नगराध्यक्ष थेट निवडायचं ठरलं, २०२० मध्ये ते रद्द, २०२२ मध्ये परत थेट. सरकार बदललं की पद्धत बदलते, यात शहराचा विचार किती आणि पक्षाचा हिशोब किती हे मी सांगायला नको. आणि अडचण कुठे आली, तर नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. मग विषयपत्रिका निघते, सभा तहकूब होते, टेंडर अडकतं, गाव बसतं बघत. इटलीने १९९३ मध्ये थेट महापौर आणला तेव्हा याचा आधीच बंदोबस्त केला. १५ हजारांवरच्या शहरात जिंकलेल्या महापौराच्या बाजूच्या याद्यांना साधारण ६० टक्के जागा मिळतात, आणि सभेने महापौरावर अविश्वास आणला तर महापौर जातो आणि सभाही बरखास्त होते. नगरसेवकाला स्वतःची खुर्ची घालवून महापौर पाडावा लागतो, त्यामुळे हॉटेलात जाऊन बसायचं राजकारण आपोआप कमी. जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफालियाची गोष्ट तर आपल्या फार जवळची. कोलोन, डॉर्टमुंड वगैरे शहरं तिथली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि ब्रिटिशांनी तिथे काय आणलं असेल? मानाचा महापौर आणि कारभार बघणारा वेगळा मुख्य अधिकारी! पन्नासेक वर्षं त्यांनी ते चालवलं, शेवटी १९९४ च्या सुधारणेने दोन्ही पदं एकत्र केली आणि १९९९ पासून सगळीकडे महापौर थेट जनतेतून. तिथेसुद्धा तो अधिकारी परिषदेनेच निवडलेला असायचा हे मात्र विसरू नका.

मुंबईत १९९८ मध्ये मेयर-इन-कौन्सिल आणून बघितलं होतं, कोलकात्यासारखं, म्हणजे महापौरांचं छोटं मंत्रिमंडळ. वर्षभरात गुंडाळलं. कोलकात्यात मात्र १९८० च्या कायद्याने आलेलं ते अजून आहे. आपल्याकडे सवयच नाही एखादा प्रयोग दहा वर्षं चालू द्यायची.

आता पैसा, हा माझा आवडता विषय, कारण लेखा विभागात माझे केस पांढरे झाले. जकात होती तेव्हा तिच्यावर टीका खूप व्हायची आणि नाक्यांवर काय चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं, पण रोज संध्याकाळी आकडा यायचा आणि तो आकडा शहराचा स्वतःचा होता. नवी मुंबईत जकात नाके नव्हते, तिथे उपकर होता, व्यापाऱ्यांच्या हिशोबावर चालणारा. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी. तेव्हापासून सरकार महापालिकांना नुकसान भरपाई देतं, दरवर्षी ८ टक्के वाढवून. वेळेवर येते, नाही म्हणत नाही. पण भरपाई म्हणजे भरपाई, तो कर नव्हे. शहरात कारखाने वाढले काय, बंद पडले काय, त्या रकमेला फरक पडत नाही. आधी आम्ही विचारायचो आज वसुली किती, नंतर विचारायला लागलो अनुदान जमा झालं का. एका पिढीत महापालिकेचा स्वभाव बदलला. आणि हातात राहिलेला एकच मोठा कर, मालमत्ता कर, तो वाढवायचा नाही असं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत दिलं जातं आणि लोकही टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्यात, घर माझंही आहे.

डेन्मार्कमध्ये नगरपालिका रहिवाशांच्या उत्पन्नावर कर लावते, साधारण २५ टक्के. हो, उत्पन्नावर, नगरपालिका. शाळा, पाळणाघरं, म्हाताऱ्यांची काळजी सगळं तीच बघते, त्यामुळे माणसाला दर महिन्याला दिसतं की माझे एवढे गेले आणि आईला घरी मदतनीस येते. श्रीमंत नगरपालिकेकडून गरीब नगरपालिकेला पैसे वळवायची पद्धतही आहे, नाहीतर कोपनहेगनशेजारच्यांची चैन आणि लांबच्या बेटांची उपासमार. इंग्लंड मात्र याबाबतीत आपल्याहून फार पुढे नाही. त्यांचा कौन्सिल टॅक्स आला १९९३ मध्ये, पंतप्रधान थॅचरबाईंच्या पोल टॅक्सवरून, म्हणजे माणशी लावलेल्या करावरून, दंगे झाल्यावर, आणि त्यासाठी घरांच्या किमती धरल्यात १९९१ च्या, आजसुद्धा! कुणाची हिंमत होत नाही फेरमूल्यांकनाची. सरकारने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कर वाढवायचा तर सार्वमत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमने नोटीस काढली की आमच्याकडे पैसे नाहीत, समान वेतनाची जुनी देणी आणि फसलेली कॉम्प्युटर सिस्टीम यात ते रुतले. मग लंडनने काय पाठवलं माहितीये? कमिशनर! शब्दसुद्धा तोच. फक्त तिथे नगरसेवक घरी गेले नाहीत, परिषद चालू राहिली, कमिशनर ठरावीक कामांवर बसले. आपल्याकडे नवी मुंबईची मुदत २०२० मध्ये संपली आणि ठाण्याची २०२२ मध्ये, आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. नवी मुंबईत पाच वर्षांहून जास्त काळ एकही नगरसेवक नव्हता. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीत, जी १ जून १९९३ ला लागू झाली, स्पष्ट लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात होता, प्रभाग रचना बदलत होती, हे सगळं खरं, पण पाच वर्षं?

तिकडे स्वतःचा पैसा हातात असला की सगळं गोड होतं असंही नाही. जपानचं युबारी बघा. कोळशाच्या खाणींचं गाव, १९६० च्या सुमारास वस्ती लाखाच्या वर. खाणी एकेक करत बंद पडल्या, शेवटची १९९० मध्ये, आणि नगरपालिकेने पर्यटनाच्या नावाखाली थीम पार्क, हॉटेल, स्की रिसॉर्ट असं कर्ज काढून बांधत सुटायला सुरुवात केली, तोटा एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत. २००६ मध्ये उघडं पडलं, कर्ज ३५ अब्ज येनच्या पुढे. २००७ पासून गाव सरकारच्या देखरेखीखाली फेडतंय. कर्मचारी निम्म्यावर, शाळा एकत्र करून प्राथमिक एक आणि माध्यमिक एक, महापौराचा पगार देशातल्या सगळ्यात कमी पगारांत. टोकियोहून मदतीला आलेला एक सरकारी कर्मचारी, नाओमिची सुझुकी, तिथेच २०११ मध्ये तिशीत महापौर झाला, पुढे सगळ्या होक्काइदोचा गव्हर्नर झाला. आमच्या लेखा विभागात ‘दायित्व’ नावाचं एक रजिस्टर असतं, म्हणजे कामं दिलीत पण बिलं द्यायचीत. ते रजिस्टर कुठल्याही उद्घाटनाच्या पत्रिकेवर छापत नाहीत. युबारीची गोष्ट वाचली तेव्हा मला ते रजिस्टर आठवलं.

आकार आणि हद्दीबद्दल आता थोडं, कारण बाकीचे देश सुधारणा म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा नगरपालिकांचं विलीनीकरणच म्हणत असतात. जपानने १९९९ च्या सुमाराला असलेल्या ३,२३२ नगरपालिकांच्या दहा-अकरा वर्षांत १,७०० च्या आसपास केल्या, सरकारने कर्जाचं आणि अनुदानाचं गाजर दाखवून. फ्रान्सने १९७१ मध्ये प्रयत्न केला, लोकांनी दाद दिली नाही, अजूनही तिथे ३५ हजारांच्या घरात कम्युन आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त तर पाचशे माणसांच्या आतल्या, मग त्यांनी गावं तशीच ठेवून कचरा, पाणी, बस यासाठी गावांचे संघ बांधले. मला सगळ्यात आवडते ती डेन्मार्कची पद्धत. २७१ नगरपालिकांच्या शेवटी ९८ झाल्या. सरकारने नियम सांगितला, साधारण २० हजार वस्ती तरी हवी, आणि मग म्हटलं की जोडीदार तुम्हीच शोधा, १ जानेवारी २००५ पर्यंत कळवा. अक्षरशः लग्नं जमवल्यासारखी गावं एकमेकांकडे गेली, काही ठिकाणी सार्वमत झालं, मोडली पण काही. नोव्हेंबर २००५ मध्ये नव्या हद्दीच्या निवडणुका, २००६ हे पूर्ण वर्ष नवी परिषद फक्त तयारी करणार, कर्मचारी, कर, कॉम्प्युटर, आणि १ जानेवारी २००७ ला प्रत्यक्ष कारभार.

आता आपली १४ गावं आठवा, शिळफाट्याच्या पलीकडची. नवी मुंबई महापालिकेत होती, कर नको म्हणून आंदोलनं झाली, २००७ मध्ये बाहेर. मग काही वर्षांनी रस्ते-पाणी नाही म्हणून परत घ्या, आणि आता परत आत. पारसिकचा डोंगर मध्ये, विकास आराखडा कुणी करायचा, पैसे कुणी द्यायचे, यावर तेच ते पत्रव्यवहार. कल्याणच्या २७ गावांचंही असंच आत-बाहेर. तयारीचं वर्ष वगैरे सोडा, अधिसूचना निघते आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या सफाई कामगाराला माहीत नसतं हजेरी कुठे लावायची.

पण खरं सांगायचं तर आपला प्रश्न विलीनीकरणाचा नाहीच, आपला प्रश्न मँचेस्टरचा आहे, म्हणजे एकच प्रदेश आणि त्यात कितीतरी पालिका. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मिरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल. ग्रेटर मँचेस्टरमध्ये दहा कौन्सिल. माझी मुलगी-जावई बोल्टनला असतात, त्यातलंच एक गाव, २०२४ च्या उन्हाळ्यात मी तिथे दोन महिने होतो आणि सवयीप्रमाणे बसने फिरलो. पिवळ्या बस, मधमाशीचं चिन्ह, दोन पौंडात एक प्रवास, बोल्टनहून विगन असो की सॅलफर्ड, बसचा रंग आणि तिकीट तेच. जावई म्हणाला, बाबा, दोन वर्षांपूर्वी इथे प्रत्येक कंपनीची बस वेगळी आणि तिकीट वेगळं होतं. कारण १९८६ मध्ये लंडन सोडून सगळीकडच्या बस खाजगी कंपन्यांना मोकळ्या सोडल्या होत्या. ते परत आणायला किती खटपट लागली बघा. २०११ मध्ये दहा कौन्सिलनी मिळून एक संयुक्त प्राधिकरण केलं. २०१४ मध्ये केंद्राशी करार, अधिकार द्या, बदल्यात आम्ही प्रदेशाचा थेट महापौर निवडतो. २०१७ मध्ये अँडी बर्नहॅम निवडून आला, त्याच वर्षी बस ताब्यात घ्यायचा कायदा झाला. २०२१ मध्ये निर्णय, बस कंपन्या कोर्टात, २०२२ मध्ये हरल्या, सप्टेंबर २०२३ मध्ये बोल्टन-विगनला पहिली पिवळी बस, जानेवारी २०२५ मध्ये सगळा प्रदेश पूर्ण. आणि लक्षात घ्या, याच मँचेस्टर शहराने २०१२ मध्ये थेट महापौराला नाही म्हटलं होतं. तेव्हा हातात नुसतं पद होतं, नंतर पदाबरोबर बस आली. दहाही कौन्सिलचे नेते महापौरांबरोबर एकाच टेबलवर बसतात, मोठ्या विषयांत त्यांची मतं लागतात, एकट्याचं राज्य नाही.

मी परत आलो आणि नेरूळहून ठाण्याला निघालो तर नवी मुंबईच्या एनएमएमटी बसचा पास ठाण्याच्या टीएमटीत चालेना. ऐरोलीच्या पुलावर तुम्ही रोज बघत असाल, बेस्ट, टीएमटी, एनएमएमटी तिन्ही एकामागोमाग निम्म्या रिकाम्या. आपल्याकडे प्रदेशाची संस्था नाही असं नाही, एमएमआरडीए १९७५ पासून आहे आणि पैसेवाली आहे. पण तिथे नऊ महापौर एका टेबलवर बसून मत देत नाहीत, ती सरकारची संस्था आहे. राज्यघटनेने महानगर नियोजन समिती सांगितली, तिचे दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्यांमधून हवेत, ती कागदावरून खाली उतरलेली मी तरी माझ्या नोकरीत बघितली नाही. ठाण्याचं पाणी घ्या, स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा संस्था, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून येतं. नवी मुंबईचं नशीब की मोरबे धरण स्वतःचं आहे, म्हणून दिघा-घणसोलीच्या कुरबुरी सोडल्या तर उन्हाळ्यात आपण ठाणेकरांना टोमणे मारू शकतो. पण जमीन? ती सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची. महापालिका १९९२ ला सुरू झाली तरी भूखंड कुणाचा, आरक्षण कुणाचं, यावर अजून सिडको आणि महापालिका पत्रं लिहितात. इथे थेट महापौर निवडला तर तो भूखंडावर बोर्ड लावेल, चावी सिडकोकडेच राहील.

तर तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाबद्दल, आपण काय उचलावं. मला विचाराल तर पहिलं फ्रान्सचं कलम उचला, ठराव चुकीचा वाटला तर सरकारने ९० दिवसांत कोर्टात जावं, नाही गेलं तर ठराव पक्का. याला एक रुपया खर्च नाही. मग मँचेस्टरसारखा एकच विषय घ्या, फक्त बस, नऊही महापौरांचं एक मंडळ करा, एक तिकीट. जमलं तर पाणी, मग कचरा. प्रभाग रचना इंग्लंडसारखी स्वतंत्र आयोगाकडे ठेवा, २०२२ मध्ये ती निवडणूक आयोगाकडून सरकारने स्वतःकडे घेतली, आणि दर निवडणुकीला प्रभाग कधी एका नगरसेवकाचा, कधी दोघांचा, कधी चौघांचा होतो, ठाण्याच्या माणसाला विचारा तुमचा नगरसेवक कोण, तो चार नावं सांगेल आणि त्यातला एकही फोन उचलत नाही म्हणेल. थेट महापौर यानंतर आणा, इटलीसारखा, सभेचं बहुमत त्याच्याबरोबर बांधून. उलट क्रमाने आणलात तर हार्टलपूल होईल, तेही केळ्यांशिवाय.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर एक अगदी छोटी गोष्ट, कायदा न बदलता उद्या सुरू करता येईल अशी. सरकारने एक परिपत्रक काढावं की आयुक्तांचा गोपनीय अहवाल लिहिताना महापौरांचा अभिप्राय जोडायचा, चार ओळींचा, बंधनकारक नाही, फक्त जोडायचा. मी हे एकदा एका वरिष्ठांना चहाच्या वेळी बोललो होतो. ते हसले, बिस्कीट चहात बुडवलं आणि म्हणाले, तुझं रिटायरमेंट कधी आहे?